रूपक आहे गं!

ताई, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहून टाकते, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते.

मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोजवळ कायमची राहायला आले तेव्हा दिवसभरात माझं बोलणं तीन माणसांशी व्हायचं, त्यातलं एक चार वर्षांचं. किराणा दुकानात कढीपत्ता निवडताना तुम्ही भेटलात आणि सरळ विचारलंत, ‘‘शुक्रवारी नाचायला येतेस?’’ मला वाटलं, टिपऱ्या असतील. निघालं काय, तर चर्चचा हॉल, लाकडी जमीन आणि बल्गेरिया, सर्बिया, रुमानिया, इस्रायलची गाणी. नाचणारे बहुतेक साठीपुढचे. जोडीदार लागत नाही, हे तुम्ही गाडीतच सांगून टाकलंत. हे गेल्यावर वर्षभरात माझ्याशी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या दिवशी पंगतीत बसावं तशी मी मोकळी जागा दिसली तिथे, रांगेच्या उजव्या टोकाला, जाऊन उभी राहिले. ती म्होरक्याची जागा. गाणं सुरू झालं आणि अख्खी रांग माझ्या पायांकडे बघत थांबली! तुम्ही हसला नाहीत. हात धरून मला डाव्या टोकाकडे नेलंत आणि शेजारी उभ्या राहिलात. रांग उजवीकडे सरकायची, तरी माझे पाय हट्टाने डावीकडेच निघत. ‘‘जन्मभर देवळाला प्रदक्षिणा घातल्यास ना, ही उलटी समज,’’ म्हणालात. तेवढ्याने दिशा सुधारली. तुमच्या बोटांवर मी त्या महिन्यात किती वेळा पाय दिला, त्याचा हिशेब मात्र राहिलाच.

खरे आभार लेस्नोतोचे. बल्गेरिया-मॅसेडोनियाकडचा संथ, साधा नाच, नवख्यांना आधी हाच शिकवतात. शिकवणाऱ्या बाई ‘लांब, आखूड, आखूड’ असं मोजत होत्या आणि मी दर फेरीला अर्ध्या पावलाने चुकत होते. घरी जायचं ठरवलंच होतं. तेवढ्यात तुम्ही कानाशी म्हणालात, ‘‘अगं, रूपक आहे!’’

रूपक ताल! ती ती ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन मात्रा. वडील भजनाला तबला वाजवायचे, आणि मी भाकरी थापतानासुद्धा हा ठेका ऐकलेला. ‘ती ती ना’ला उजवा पाय बाजूला, ‘धी ना’ला जरा उचल, पुढच्या ‘धी ना’ला डावा पाय समोरून आडवा. मोजायचं थांबवलं आणि पाय चालू लागले. घरी येऊन मुलाला ओट्याशी नाचून दाखवलं. तो बघतच राहिला.

नंतर एकदा मी कुरकुरले, की हे सगळं दुसऱ्यांचं, आपण त्यात कोण? त्यावर तुम्ही मिझर्लूची गोष्ट सांगितलीत. ग्रीक म्हणून जगभर नाचला जाणारा हा नाच 1945 च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्गला, ड्यूकेन विद्यापीठात बसवला गेला. आणि इथल्या सॅन फ्रान्सिस्कोत 1938 साली आंतरराष्ट्रीय लोकनृत्याचा गट उभा केला तो साँग चांग नावाच्या चिनी गृहस्थाने. मग पुण्याच्या बाईने संकोच कशाला करायचा?

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्ही गेले पाच शुक्रवार आला नाहीत. तुमच्या जागी मी उभी राहत नाही, ती सोडून पलीकडे उभी राहते. मागच्या आठवड्यात एक नवीन तमिळ बाई आल्या, त्यांचेही पाय डावीकडेच जात होते. तुमचं प्रदक्षिणेचं वाक्य मी त्यांना मोडक्या इंग्रजीत ऐकवलं.

कोपानित्सा हा बल्गेरियन नाच मात्र अजून जमत नाही. अकरा मात्रा, दोन-दोन-तीन-दोन-दोन, आणि मधल्या तिनाला मी हमखास घसरते. याला आपल्याकडचा कुठला ताल लावायचा, ते शोधून ठेवा. रविवारी थालीपीठं घेऊन येते, तेव्हा टेबलावर बोटांनी वाजवून बघू.

तुमची,
डाव्या टोकाची