हात मागे घेणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील नौपाड्यात आपण माथ्यावर हात ठेवून उपचार करता, त्या खोलीतून बाहेर पडल्यापासून हे पत्र मनात घोळत आहे. समोर येऊन आभार मानले असते, तर आपण ते हसून बाजूला सारले असते, म्हणून चारचौघांसमोर लिहीत आहे. शिवाय ज्यांनी मला आधी मनस्ताप दिला, त्यांच्यासारख्यांच्या दारात आजही जे आशेने बसले आहेत, त्यांनी हे वाचावे अशीही इच्छा आहे.

माझा त्रास आपण जाणताच. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलीने ताटात चतकोर भाकरी टाकली की माझ्या हातांना कंप सुटतो, छाती धडधडते आणि ती रात्र जागून जाते. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात अन्नाची वानवा नाही. तरीही बाबांच्या पलंगाखाली ज्वारीचे पोते कायम असते, ते संपण्याआधी दुसरे येते, आणि आई सर्वांचे आटोपल्यावर उरेल तेवढेच जेवते.

यावर मला काय काय ऐकावे लागले! एकाने पितृदोष सांगून विधीच्या खर्चाची यादी हाती दिली. दुसऱ्याने नात्यातल्या बाईने करणी केल्याचे सुचवले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले आणि जो त्यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये, झाला, तो असतानाही हे एवढ्या निर्धास्तपणे बोलले जाते, याचा मला आजही संताप येतो. तिसऱ्या बाईंचा घाव मात्र सर्वांत खोल गेला. त्या पिढ्यांच्या गाठी सोडवतात अशी त्यांची ख्याती होती. अनोळखी माणसांना आई, बाप, आजी म्हणून उभे करायचे आणि त्यांच्या तोंडून घराचे दुःख बोलवायचे, ही जर्मनीच्या बर्ट हेलिंगर यांची पद्धत त्या वापरत. माझ्या आईच्या जागी उभ्या असलेल्या परक्या बाईकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, ‘हिच्याशी नाळ तोडा, तरच सुटाल.’ त्यांचे स्वतःच्या आईशी वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, हे त्यांनीच नंतर सर्वांसमोर अभिमानाने सांगितले. त्यांच्या घरचे भांडण माझ्या घरात आणून सोडले गेले होते, आणि ते निस्तरताना आईच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे.

आपल्याकडे आले ती या सगळ्यानंतर, मनाची कवाडे घट्ट लावून. आपण माझ्या माथ्यावर हात धरला होता आणि मी आईच्या शेवटी जेवण्याविषयी बोलत होते. मध्येच आपण हात मागे घेतला, डोळे उघडले आणि म्हणालात, ‘थांबू या. आत्ता माझ्या मनात जो राग आला, तो तुमच्या आईविषयीचा नाही, माझ्या आईविषयीचा आहे. तीही अशीच जेवायची. हा राग मी तुमच्या माथी मारणार नाही.’

ताई, मला जे बरे वाटू लागले, ते त्या क्षणापासून. तोच राग त्या बाईंच्याही मनात उठला असेल. त्यांनी तो दैवी संकेत म्हणून माझ्या हाती दिला आणि आपण तो आपल्यापाशी ठेवलात. उपचार करणाऱ्याच्या स्वतःच्या भावना उपचारात शिरतात आणि त्याने त्या ओळखल्याच पाहिजेत, हे फ्रॉइड यांनी १९१० मध्येच मांडले होते, असे आपणच पुढे सांगितलेत. अध्यात्माच्या नावाने चालणाऱ्या उपचारांत हे पथ्य किती जण पाळतात? तिथे हात ठेवणाऱ्याला शंका येतच नाही, कारण त्याच्या मनात येईल ते वरूनच आले असे मानले जाते.

त्यानंतर आपण कागदावर तीन पिढ्या मांडायला सांगितल्या. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, गेलेल्यांवर फुली. माझ्या कागदावर एक वर्तुळ कुणाचे ते मला सांगता येईना. बाबांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोलले. १९७२ च्या दुष्काळात साताऱ्याच्या माण तालुक्यात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, घरात मिलो ही परदेशी लाल ज्वारी आणि मदत म्हणून मिळणारी सुकडी यांवर दिवस निघत, आणि त्या वर्षी बाबांची धाकटी बहीण गेली. या आत्याचे नाव आमच्या घरात कधीच उच्चारले गेले नव्हते. पलंगाखालचे पोते त्या वर्षापासून भरलेले आहे, आधी आजीच्या आणि नंतर बाबांच्या.

आपण इथेही मोह आवरलात, याचे मला फार अप्रूप आहे. ‘दुःख रक्तातून, डीएनएमधून उतरते’ हे वाक्य मी इतरांकडे पुष्कळदा ऐकले होते. आपण नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या उपासमारीचे उदाहरण नीट समजावलेत. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांच्या एका जनुकावर साठ वर्षांनीही खुणा सापडल्या, पण ती माणसे स्वतः गर्भात ती उपासमार भोगून आली होती. त्यावरून नातीच्या हातांच्या कंपाचा निष्कर्ष काढता येत नाही. ‘तुमच्यापर्यंत आले असेल ते पोत्यातून, ताटावरच्या धाकातून आणि न बोललेल्या नावातून. ते सगळे डोळ्यांना दिसते, म्हणून बदलताही येते,’ हे आपले म्हणणे मला पटले, कारण त्यात दोषी कुणीच नव्हते. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, असेही आपण आग्रहाने सांगितलेत आणि सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिलात. आपल्या हातून गिऱ्हाईक जाईल ही धास्ती आपल्याला शिवलीही नाही.

सज्जन माणसे आपल्या आसपास असतात. ती दारावर पाटी लावत नाहीत, म्हणून उशिरा सापडतात. सर्वपित्रीला बाबांनी आत्याच्या नावाने पान वाढले आणि त्या दिवशी आई आमच्या पंगतीला बसली. माझा कंप पूर्ण थांबलेला नाही. मात्र तो सुरू झाला की कुठल्या वर्षाची भूक हातात आली आहे, हे मला कळते.

एक विनंती आहे. आपल्याकडे ठाणे, ऐरोली, घणसोलीहून मुली ही साधना शिकायला येतात. त्यांना हात ठेवायला शिकवण्याआधी, तो मागे कधी घ्यायचा हे शिकवावे, आणि प्रत्येकीकडून प्रथम तिच्या स्वतःच्या तीन पिढ्यांचा कागद भरून घ्यावा. उदाहरण म्हणून माझा कागद त्यांना दाखवायचा असल्यास माझी आणि बाबांची परवानगी आहे.

आपली ऋणी,
कोपरखैरणे, नवी मुंबई