अण्णांची शोकसभा आणि पंप रूममागची जागा

प्रति,
माननीय अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय: रविवारची शोकसभा आणि पंप रूममागे पेव्हर ब्लॉक न टाकण्याबाबत

अध्यक्षसाहेब, नमस्कार.

लिफ्टजवळची अण्णांची नोटीस वाचली. सी विंगचे ज्येष्ठ सभासद, माजी खजिनदार, दुःखद निधन. नोटीस म्हणून ठीकच आहे, सेक्रेटरींना दोष नाही, पण शोकसभेतही हेच वाचून दोन मिनिटं मौन पाळून सगळे पांगले असं व्हायला नको म्हणून लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

निम्म्या सोसायटीला अण्णा म्हणजे पहाटे पांढरी टोपी घालून ती लांबलचक बॅग लिफ्टमध्ये कशीबशी बसवणारे गृहस्थ, बस्स. आणि गोल्फ म्हटलं की बक्कळ पैसा असणार असं आपणच ठरवून टाकतो, मग त्या माणसाची स्कूटर किती जुनी होती ते दिसत नाही. आपला चेंबूरचा गोल्फ क्लब, बॉम्बे प्रेसिडेन्सी, 1927 पासून आहे, आपण रोज रिक्षाने त्याच्या बाजूने जातो पण आत काय चालतं ते आपल्या पोरांना कळलं ते फक्त अण्णांमुळे.

पंप रूमच्या मागे जी हिरवळीची पट्टी आहे ना, तिथे ते पोरांना पटिंग, म्हणजे बॉल हळूच ढकलून होलमध्ये, त्या खड्ड्यात घालणं, शिकवायचे. होल सव्वाचार इंचाचं लागतं, जगात कुठेही गेलात तरी तेवढंच. अण्णांनी प्लंबरकडून ड्रेनेजच्या चार इंची पाइपचा उरलेला तुकडा आणून जमिनीत पुरला, तो आतून थोडा कमी भरतो हे त्यांना माहीत होतं, पण म्हणाले छोट्यात घालायला शिकली की मोठ्यात आपोआप जाईल. माझी मुलगी तिथेच शिकली. आणि खेळापेक्षा जास्त त्यांच्या गोष्टी. 1925 च्या अमेरिकन ओपन गोल्फ स्पर्धेत बॉबी जोन्स या खेळाडूचा बॉल गवतात किंचित हलला, बाकी कोणी बघितलं नव्हतं, त्याने स्वतःच सांगून एक स्ट्रोक, म्हणजे एक जास्तीचा फटका, दंड लावून घेतला आणि शेवटी बरोबरी होऊन प्लेऑफमध्ये हरला. ही गोष्ट आमच्या विंगमधल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. अण्णा नुसत्या गोष्टी सांगणाऱ्यातले पण नव्हते, तुम्हाला आठवत असेल, खालच्या फ्लॅटमध्ये लीकेज सुरू झालं तेव्हा कोणी बोट दाखवायच्या आधी हे स्वतः खाली जाऊन म्हणाले की माझ्या बाथरूममधूनच येतंय, खर्च माझा. मुंबईतल्या सोसायटीत असं आपणहून कोण सांगतं हो! आपल्याकडे तर छतातून धार लागली तरी वरचा म्हणतो आमच्याकडे सगळं कोरडं आहे.

2021 चं ऑलिंपिक आठवतंय का, 7 ऑगस्टला सकाळी आपली गोल्फर अदिती अशोक खेळत होती, एका स्ट्रोकने मेडल हुकलं, चौथी आली. अण्णांनी पोरांना व्हॉट्सॲप करून करून टीव्हीसमोर बसवलं होतं आणि बर्डी म्हणजे काय, पार म्हणजे काय ते फोनवर समजावत होते. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि सगळी सोसायटी भाल्याच्या मागे लागली. अण्णा पण नाचले, पण दुसऱ्या दिवशी पोरांना पुन्हा अदितीचे पट्सच समजावत बसले.

आता कॅडी लोकांचं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलून सोबत चालणाऱ्यांचं. स्मशानभूमीत ती एवढी माणसं कोण होती असं बरेच जण विचारत होते. क्लबवरचे कॅडी होते ते. त्यांना राउंडप्रमाणे पैसे मिळतात, पावसाळ्यात खेळणारे कमी झाले की कमाई पण आटते, त्यामुळे अण्णा चिखलातही निदान नऊ होल चालून यायचे, काकू ओरडायच्या, गुडघे दुखायचे, तरी जायचे. या कॅडींच्या मुलांचे ॲडमिशनचे, स्कॉलरशिपचे फॉर्म आपल्याच सोसायटी ऑफिसच्या बाकावर बसून भरलेत त्यांनी, मी पाहिलंय. दिल्लीचा अली शेर आधी कॅडी होता आणि 1991 ला त्याने इंडियन ओपन जिंकली, हे त्या मुलांना ते हमखास ऐकवायचे.

तर मुद्दा असा की मागच्या मीटिंगमध्ये पंप रूममागची जागा पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंगला द्यायचं ठरलंय. तिथे फार तर दोन-तीन बाइक राहतील, आणि त्यासाठी पोरांची जागा जाणार. मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते. अण्णांच्या नावाची पाटीबिटी काही नको, त्यांना आवडलंही नसतं, फक्त ती हिरवळ आणि तो पाइप राहू द्या. काकूंनी पटर आणि बॉल मुलांना द्यायचं ठरवलंय, ते ठेवायला मीटर रूममधला कोपरा मिळाला तर बरं होईल. गवत कापायचं आमच्या विंगमधले बघतील, सोसायटीला खर्च नाही. मुलांच्या सह्यांचा कागद सोबत जोडलाय.

रविवारी कॅडी मंडळीही येणार आहेत. वॉचमनला आधीच सांगून ठेवा, गेटवर एकेकाचा फोटो, नंबर, कोणाकडे जायचंय असं करत उभं करू नका, आणि त्यांना हॉलमध्येच बसवा, खाली पार्किंगमध्ये नाही. त्यांच्यातल्या एकाला बोलायचंय, त्याला माइक द्या. काकूंना मात्र बोलायचा आग्रह करू नका, त्यांनी मला तसं सांगितलंय. चहाचं आम्ही बघतोय.

आपली,
बी विंगमधली एक सभासद