विहिरींच्या पातळ्या जुळल्या म्हणून मॉडेल बरोबर ठरत नाही

महोदय,

दिंडोरी-निफाडचा बागायती पट्टा असो की सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींलगतची गावे, विहिरींच्या दूषित पाण्याचा विषय निघाला की ‘संगणकीय मॉडेल करून घ्या’ असे सुचवले जाते. सूचना योग्यच आहे. मात्र अशा अहवालात एक आकडा जरूर तपासावा: सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या मोकळ्या जागेचे प्रमाण.

मोडफ्लोसारख्या भूजलप्रवाहाच्या संगणक प्रणालीत पाऊस, उपसा आणि खडकाची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) भरून विहिरींच्या नोंदलेल्या पातळ्या जुळवतात. त्या जुळल्या की किती पाणी वाहते याचा अंदाज येतो. प्रदूषक किती दिवसांत पोहोचेल, हे त्यातून कळत नाही. पारगम्यता दिवसाला 5 मीटर आणि पाणीपातळीचा उतार 100 मीटरला 1 मीटर धरा. पाणी प्रत्यक्ष वाहू देणारी सच्छिद्रता 20 टक्के मानली, तर वेग दिवसाला पाव मीटर येतो आणि 500 मीटरला साडेपाच वर्षे लागतात. पाणी फक्त भेगांतून जात असेल आणि सच्छिद्रता अर्धा टक्काच असेल, तर तेच अंतर 50 दिवसांत कापले जाते. स्थिर प्रवाहाच्या (काळानुसार न बदलणाऱ्या) मॉडेलमध्ये पातळ्या दोन्ही वेळा हुबेहूब सारख्याच दिसतात.

मॉडेलचा वेग किती चुकू शकतो, याचे उदाहरण कॅनडातले वॉकर्टन गाव. मे 2000 मध्ये तिथल्या, विहिरींवरून येणाऱ्या नळाच्या पाण्यातून जंतुसंसर्ग होऊन सात जण दगावले, सुमारे 2300 आजारी पडले. नंतरच्या मॉडेलने एका विहिरीला तीस दिवसांत जास्तीत जास्त 290 मीटरवरून पाणी येते असे दाखवले. त्या चुनखडीत रंगद्रव्य सोडून माग काढल्यावर मात्र पाण्याचा वेग कित्येक पटींनी जास्त निघाला.

आपला बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वणी-कोरपना भागातल्या चुनखडीत पोकळ्यांतून खळाळता प्रवाह असू शकतो, तिथे डार्सीचा नियमच (वेग उताराच्या प्रमाणात असतो हे मॉडेलमागचे सूत्र) अपुरा पडतो आणि मॉडेलमध्ये त्या पोकळ्या नळ्यांसारख्या वेगळ्या घालाव्या लागतात. नाशिकमध्ये पाणी मुरमातून, सांध्यांतून आणि दोन लाव्हा थरांच्या मधून जाते; खालचा पक्का काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. म्हणून तो मधला पातळ थर मॉडेलमध्ये स्वतंत्र दाखवलाच पाहिजे, सगळ्या खडकाची सरासरी काढून चालत नाही. शिवाय भेगांतले नायट्रेट शेजारच्या मांजऱ्या (बारीक छिद्रांच्या) खडकात मुरते आणि नंतर हळूहळू बाहेर येते. खत कमी केल्यावरही विहिरीचे पाणी लगेच सुधारत नाही, त्याचे हे एक मोठे कारण. दुहेरी सच्छिद्रतेचा (भेगा आणि खडक वेगळे धरण्याचा) पर्याय न घेतलेले मॉडेल इथे फार लवकर ‘पाणी शुद्ध झाले’ म्हणते.

उपाय रंगद्रव्य चाचणीचा: पाण्यात रंग सोडून तो विहिरीत कधी पोहोचतो ते पाहायचे. आधी पार्श्वभूमीचे, म्हणजे रंग सोडण्यापूर्वीचे, नमुने घ्यावेत. फ्लुरोसीन हे रंगद्रव्य उन्हात विघटित होते, म्हणून नमुने गडद बाटलीत ठेवावेत. ऱ्होडामाईन हे दुसरे रंगद्रव्य चिकणमातीला जास्त चिकटते. सुरुवातीला दर दोन तासांनी नमुना घ्यावा, नंतर अंतर वाढवावे. दिवसातून एकदाच घेतला तर शिखर, म्हणजे रंगाचे सर्वाधिक प्रमाण, निसटते. शेतीपंपांची वीज पाळीने येते आणि उपशाबरोबर पाण्याची दिशाही बदलते, तेव्हा पंपांच्या वेळा नोंदवायलाच हव्यात. खोल, उघड्या बोअरमध्ये अनेक थरांचे पाणी मिसळून रंग फिका पडतो. तिथे थरवार नमुना घ्यावा.

आकडेमोडीतही एक खाच आहे. मॉडेलमध्ये जमीन ज्या चौकोनांत विभागतात ते 100 मीटरचे आणि डिस्पर्सिव्हिटी (वाहताना प्रदूषक किती पसरतो याचे माप) 10 मीटर असेल, तर नेहमीच्या पद्धतीत प्रदूषणाची आघाडी गणितामुळेच पसरते आणि विहिरीतले शिखर खोटेच कमी दिसते. अशा वेळी चौकोन 20 मीटरपर्यंत खाली आणावेत.

नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एखादी विहीर ती कधी ओलांडेल हे सांगणाऱ्या प्रत्येक अहवालात सच्छिद्रता किती धरली, ती चाचणीतून आली की पुस्तकातून, आणि चौकोन केवढे, हे पहिल्याच पानावर छापणे संबंधित यंत्रणांनी बंधनकारक करावे. चाचणी होईपर्यंत विहिरीभोवती नुसते वर्तुळ न आखता, संभाव्य सच्छिद्रतांपैकी सर्वांत कमी धरून, पाणी ज्या बाजूने येते त्या दिशेला संरक्षित पट्टा वाढवावा.

– भूजल अभ्यासक, नाशिक