कास पठार अभ्याससहल : रविवारी सकाळी ६ वाजता

द्वितीय वर्ष वनस्पतिशास्त्राच्या सर्व विद्यार्थ्यांनी विभागाच्या फाटकापाशी वेळेवर यावे. पठाराचे प्रवेश-आरक्षण झाले आहे; ओळखपत्र, वही, पेन्सिल, हातभिंग आणि रेनकोट आणावा.

जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे पायवाट सोडू नये. एकही फूल तोडायचे नाही. नमुन्याऐवजी रेखाटन आणि फोटो चालतील, किंबहुना रेखाटनच हवे. हाताने काढताना पाकळ्या-पुंकेसर नीट पाहिले जातात. डबक्यांतली वायतुरा ही पाणवनस्पती आणि ओलसर जागेतली सीतेची आसवे आवर्जून शोधा. सीतेच्या आसवांची ही नाजूक निळी फुले कीटकभक्षी वनस्पतीची आहेत, सूक्ष्म जीव पकडणाऱ्या तिच्या पिशव्या मातीत दडलेल्या असतात. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पतीही तिथेच आसपास दिसेल. डबा घरूनच आणा, प्लास्टिक नको.