किडीच्या नावात माणसे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने जुलै २०२१ मध्ये 'जिप्सी मॉथ' हे नाव आपल्या यादीतून काढले आणि मार्च २०२२ मध्ये या पतंगाचे नाव 'स्पंजी मॉथ' ठेवले. विषय निघाला की आपल्याकडे शिकलेले लोकही हसतात. म्हणे, किड्याला काय कळतंय!

किड्याला नाहीच कळत. पण या पतंगाच्या अळ्या ओकची जंगलेच्या जंगले निष्पर्ण करतात. त्यांच्याविषयी लिहायचे तर उपद्रव, फवारणी, समूळ नायनाट हेच शब्द येणार, आणि त्याच वाक्यात युरोपातल्या रोमा या अल्पसंख्य समाजाला हिणवणारे 'जिप्सी' हे नाव. नाझींनी ज्यांची लाखोंनी कत्तल केली, त्यांनी हे मुकाट्याने वाचायचे? रोमांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी वायव्य भारतातूनच गेले, तेव्हा आपण तरी हसू नये.

नवे नाव कामाचेही आहे. मादी खोडावर अंड्यांचा स्पंजासारखा दिसणारा पुंजका घालते आणि अंगावरच्या बदामी लवीने तो झाकते. एकेका पुंजक्यात पाचशे-हजार अंडी असतात आणि ती हिवाळाभर तशीच राहतात. खरवडून साबणाच्या पाण्यात टाकली की पुढचा त्रास वाचला. झाडावर काय शोधायचे, ते नावातच आले. 'गुलाबी बोंडअळी', 'ठिपक्यांची बोंडअळी' ही आपली नावे याच चालीची. उलट 'अमेरिकन बोंडअळी' मूळची अमेरिकेची नाहीच! शास्त्रीय नाव 'लायमँट्रिया डिस्पार' कायम असल्याने संशोधनात घोळ होण्याचाही प्रश्न नाही.

त्याच संस्थेने २०२२ मध्ये 'एशियन जायंट हॉर्नेट' या गांधीलमाशीच्या नावातून 'एशियन' काढले. करोनाकाळात तिकडे आशियाई माणसांवर हल्ले होत होते, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला, तेव्हाही 'नाव बदलून जात जाते का?' असे विचारणारे होतेच. जात जात नाही, मान्य. पण साधा पत्ता सांगताना जात सांगावी लागू नये, हे काय कमी आहे?

आपल्या कृषी पुरवणीला एवढीच विनंती : परदेशी किडींवर छापताना जुनी नावे टाळावीत, ओळख पटण्यापुरती एकदा कंसात दिली तर हरकत नाही. आणि 'अमेरिकन बोंडअळी'ऐवजी 'हिरवी बोंडअळी' लिहावे. शेतकऱ्यांना ते नाव ठाऊक आहेच.

— एक कृषी पदवीधर वाचक, परभणी