लघवीच्या गोळीबद्दल

ठाणे, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा टेम्पो खारघरला गेल्यावर खोली झाडायला घेतली. टेबलाच्या खणात टोरसेमाइडच्या, म्हणजे हृदय कमजोर म्हणून अंगात साठणारं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या तुझ्या गोळीच्या, दोन स्ट्रिप निघाल्या, एकही गोळी फोडलेली नाही. चाळीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या माणसाला हिशोब लगेच कळतो. वीस दिवस. रागावलो नाही. थोडा रागावलो.

का चुकवतेस तेही कळतं. ही गोळी तासाभरात लागू होते, पहिले दोन तास जोर सगळ्यात जास्त, सहा-आठ तासांत ओसरते. साडेआठची लोकल, डब्यात सोय नाही, मध्येच तुर्भ्याला उतरावं तर ऐरोलीत लेटमार्क. पण बाळा, वेळ हलवता येते. सहाला घेतलीस तर निघेपर्यंत जोर कमी झालेला असतो. नाहीतर ऑफिसात पोचून दहाला घे. डॉक्टरांना विचारून कुठलीही एक ठरव. सकाळी राहिलीच तर दुपारी चारपर्यंत चालेल, पुढे घेतलीस की रात्रभर उठत बसशील. आणि राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बीपी उतरतं, उभं राहताना चक्कर येते, पोटऱ्यांत गोळे येतात.

वजनकाटा फरशीवर ठेव, चटईवर नको. उठल्यावर लघवीला जाऊन आलीस की चहाआधी वजन कर, रोज तोच गाऊन. एका दिवसात किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते पाणी समज आणि त्याच दिवशी दवाखान्यात फोन कर. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. पाय सुजायची वाट बघू नकोस. गेल्या वेळी तुझं आधी पोटच फुगलं होतं, दोन घासांत पोट भरायचं, आणि मी ॲसिडिटी म्हणून फसफसणारं चूर्ण देत बसलो. त्यात सगळा सोडा. म्हणजे सोडियमच! फार्मसिस्ट म्हणे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, सपाट छोटा चमचा. पाव, पापड, फरसाण, शेजवान चटणी सगळं त्यातच धरायचं. 'लो सोडियम' मीठ आणू नकोस. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, आणि तुझं स्पायरोनोलॅक्टोन आधीच पोटॅशियम अडवून धरतं. फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. रोज शहाळं नको ते त्याचसाठी. पाळीत मैत्रिणी देतात ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, दुखण्यावरच्या या तिन्ही गोळ्यांनी अंगात मीठ आणि पाणी साठतं. पॅरासिटामॉल चालेल.

उलट्या-जुलाब झाले तर मात्र उलटं. अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं, तेव्हा लघवीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन (तेही लघवी वाढवतं) घेण्याआधी डॉक्टरांना विचार. हृदयाचे ठोके आवरणारं मेटोप्रोलॉल आपल्या मनाने कधीही एकदम बंद करायचं नाही.

आणखी एक. तुझी आई असती तर तिनेच सांगितलं असतं. तुझी हृदयाची ती दुसरी गोळी, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, पोटातल्या बाळाला घातक असते. पुढेमागे तसा विचार झाला तर आधी डॉक्टर. माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर मावशीशी बोल.

झालं, लेक्चर सुरू केलंच. माफ कर. नौपाड्याच्या दुकानात तू काउंटरवर बसून स्ट्रिप मोजायचीस, दहा, वीस, तीस. एक कमी भरली की मला आणि पोऱ्याला सगळे खण उपसायला लावायचीस. गिऱ्हाईक हसायचं. आता स्वतःच्या पगारावर घर केलंस, दोनदा दवाखान्यातून उठून. दुकान असतं तर त्याच गिऱ्हाइकांना सांगितलं असतं. त्या मुलीच्या खणात न फोडलेल्या स्ट्रिप, हे काही डोक्यातून जात नाही बघ.

रात्री आडवं पडल्यावर धाप लागली, एका उशीच्या दोन झाल्या, तर सकाळी पहिलं काम डॉक्टरांना फोन. बसूनही दम आवरेना किंवा थुंकीला फेस आला तर थेट 108. मला नंतर कळव.

रोज वजनाचा आकडा पाठव. नुसता आकडा, बाकी काही लिहायची गरज नाही. आणि गोळी सहाची ठरवलीस की दहाची, तेवढं उद्याच कळव.

तुझा,
बाबा

ता. क. डब्यातल्या भाजणीत मीठ नाही. थालीपीठ लावताना चिमूटभरच घाल, ओवा थोडा जास्त टाक.