लुगडं काप, आई

बोल्टन, इंग्लंड,
शनिवार, ९ मे २०२०

ती. सौ. आई आणि ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

कोरोनामुळे टपालाचा सध्या भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवते आहे. दादा, आईला सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. फोनवर आई "सगळं बरं शे" म्हणते, मीही "इकडे पण बरं" म्हणते, आणि मग ऊन किती, पाऊस किती यावरच फोन संपतो. लिहायला बसलं की मनातलं बाहेर येतं.

आई, आधी कामाचं. आजीचं, आपल्या मोठ्या मायचं, ते वांगी रंगाचं लुगडं काप. बाळासाठी काप. वहिनीचे दिवस भरत आले, जून काही लांब नाही.

परवा तू म्हणालीस, पेटी उघडली, कडुलिंबाचा पाला झटकला, लुगडं मांडीवर घेतलं आणि हात धजेना, परत घडी घालून ठेवून दिलं. ते ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही. तू एकटीच त्या पेटीपाशी बसली होतीस, हे डोळ्यांसमोरून जाईना. मी तिथे असते तर एक टोक तू धरलं असतंस, एक मी.

पण मोठ्या मायने स्वतः काय केलं होतं ते आठव. आजोबा गेले तेव्हा दादा तुझ्या पोटात होता. तेरावं झाल्यावर तिने आजोबांची धोतरं पाण्यातून उकळून काढली, कडक उन्हात वाळवली आणि ओसरीवर बसून टराटरा फाडली. गल्लीतल्या बायका बघत राहिल्या, असं तूच सांगितलं आहेस. ती म्हणाली, नेसणारा गेला, आता निजणारा येतो आहे. दादाची पहिली दुपटी त्या धोतरांची. माझ्या वाटेपर्यंत त्यातलं एकच उरलं होतं, मधे विरून जाळी झालेलं, तरी शाळेत जायच्या वयापर्यंत मी ते तोंडाशी धरून झोपायचे. आजोबांना मी पाहिलं नाही. फोटो एकच, प्रताप मिलच्या दारातला. आजोबा म्हटलं की मला ते दुपटंच आठवतं. वहिनीचं बाळ मोठ्या मायला बघणार नाही. त्याला तिचं काहीतरी मिळू दे.

आणि दुसरं असं की बाजार बंद आहेत. जळगावला जाऊन सगळं एकदम आणू असं ठरलं होतं, ते आता होणं नाही. नाही झालं तरी अडत नाही. नवं कापड खळीचं, बाळाच्या अंगाला टोचतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्याइतकं मऊ कापड कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

नऊ वारात काय काय बसतं ते मी इथे मांडून बघितलं. आधी दोन्ही काठ कापून बाजूला काढ, पदर वेगळा कर. काष्ट्याकडचा भाग विरलेला असेल, त्याचे लंगोट आणि नाक-तोंड पुसायला फडकी. निऱ्यांचा भाग अजून दणकट असणार, त्याची दोन दुपटी होतात, हातभर नव्हे, चांगली मीटरभर लांब-रुंद. उन्हाळ्यासाठी एक दुपटं दोन पदरी ठेव. अमळनेरच्या त्या उकाड्यात तीन पदर बाळाला सोसायचे नाहीत. दुसरं तीन पदरी कर, ते आषाढ-श्रावणात कामी येईल. राहिलेल्या कापडात झबली. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला येऊ दे, आत काही नको. गुंडी नको, पाठीशी आखूड बंद लाव. गळ्याशी लांब नाडी तर मुळीच नको.

दुपट्याचे टाके तू मशीनवर मारशील म्हणून सांगते, ते हातानेच घाल. मशीनची शिवण कडक होते आणि पदर ताठ राहतात. हातचा धावदोरा कापडाबरोबर दबतो, प्रत्येक धुण्यात आणखी मऊ होतो. मोठी माय सतरंजीवर कापड पसरायची, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायची, मधून बाहेरच्या अंगाला हात फिरवून सुरकुती काढायची, मग लांब लांब टाके घालून सगळे पदर टाचून घ्यायची. टाचल्याशिवाय सुई लावायची नाही, यात तिची कधीच सूट नव्हती. मग कडेने सुरुवात, आणि चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. रीळ मिळत नसेल तर कापलेल्या काठाचेच धागे ओढून घे. एकेरी धागा कच्चा निघाला तर दोन एकत्र पीळ. वांगी कापडावर तो पिवळा धागा किती खुलेल!

पदराची कुंची कर. ती मात्र मशीनवर केलीस तरी चालेल. पदरावरची जरीची पट्टी बाळाच्या कपाळाशी येऊ देऊ नकोस, खरखरते. ती मागे, पाठीवर सोड.

इकडचं सांगते. काळजी करू नका असं लिहीत नाही, कारण तुम्ही करणारच.

तुमचे जावई रोज कामावर जातात. प्रयोगशाळेत तपासणीचे नमुने येतात, त्यामुळे घरून काम करायचा प्रश्नच नाही. ते घरी आले की दारातच कपडे बदलतात. त्यासाठी मी उशीच्या जुन्या अभ्र्यांच्या पिशव्या शिवल्या, तोंडाशी नाडी घातली. ड्युटीचे कपडे पिशवीत, पिशवी तशीच धुण्याच्या मशीनमध्ये. कपड्यांना परत हात लागत नाही. ही युक्ती माझी नव्हे, देशभरातल्या बायका दवाखान्यातल्या लोकांसाठी अशा पिशव्या शिवत आहेत. जावयांच्या विभागातल्या मुलींनी बघितल्या आणि मागितल्या, म्हणून मी घरातले सगळे अभ्रे संपवले. शेजारणींनी आणून दिले, तेही संपवले. ते आंघोळ करून बाहेर येईपर्यंत मी सुई हातातून खाली ठेवत नाही. मधल्या त्या वेळात मला दुसरं काही सुचत नाही, जेवण वाढायलाही नाही. त्यांनी "आज काही विशेष नाही" म्हटलं की मग गॅस पेटवते.

दर गुरुवारी रात्री आठला सगळी गल्ली दारात येऊन दवाखान्यातल्या लोकांसाठी टाळ्या वाजवते. आपली चिमी थाळी आणि पळी घेऊन उभी राहते. तिची शाळा मार्चपासून बंद आहे. मुलांनी खिडक्यांत इंद्रधनुष्य काढून लावली आहेत, तर तिने कागदाऐवजी कापडावर काढायचं मनात घेतलं. दोसुतीसारखं कापड तिला दिलं, सात रंगांच्या लच्छ्या दिल्या. साखळी टाका तिला दोन संध्याकाळींत आला. निळ्या रंगाशी आली तेव्हा म्हणाली, आजीला दाखवू. फोटो सोबत आहे. खालचं टाक्यांचं अंगही मुद्दाम दाखवलं आहे, कारण तू आधी कापड उलटं करून बघतेस हे मी तिला सांगितलं आहे.

मध्यंतरी दुकानांतून कणीक नाहीशी झाली होती. समोरच्या गुजराती मावशींनी ज्वारीचं पीठ दारात ठेवलं आणि रस्त्याच्या पलीकडून हात केला. त्यात उडदाचं पीठ मिसळून कळण्याची भाकरी केली, लाल मिरचीचा ठेचा केला. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस मात्र डब्यातला. घागर भरली, वर डांगराऐवजी जे खरबूज मिळालं ते ठेवलं. मोठ्या मायच्या नावाने घास टाकला. माहेराला येता आलं नाही अशी अखजी पूर्वीही झाली आहे, पण यायचंच म्हटलं तर विमानच नाही, हे पहिल्यांदा. झोका, गाणी यांतलं काही आठवायचं नाही असं ठरवून मी त्या दिवशी दुपारभर पिशव्या शिवल्या.

काल इथे सुट्टी होती. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याला ७५ वर्षं झाली म्हणून घरोघरी त्रिकोणी पताकांची तोरणं लावली होती. शेजारच्या इंग्रज आजीचं तोरण सगळ्यांत देखणं, जुन्या फ्रॉकांचं आणि पडद्यांचं. ती ऐंशीच्या घरातली, एकटी राहते, तिचं सामान आम्हीच आणून देतो. कुंपणाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती, अशा आम्ही शिवत बसतो. ती कागदाचे षटकोन कापते, त्यावर चिंधी टाचते, मग षटकोनाला षटकोन जोडते आणि शेवटी कागद काढून घेते. आपल्या गोधडीहून अगदी वेगळी रीत, पण चिंध्यांची पिशवी तुझ्यासारखीच, गच्च भरलेली.

तिने मला एक गोष्ट सांगितली, ती नानांना आवडेल. नाना, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस यायचा थांबला. लँकेशायरच्या, म्हणजे इथल्या भागातल्या, कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, लाखो लोक घरी बसले. तेव्हा इथल्या गावांत शिवणशाळा निघाल्या. काम गेलेल्या गिरणीतल्या मुली तिथे येऊन शिवायच्या, त्याचे थोडे पैसे मिळायचे, आणि त्यांना लिहाय-वाचायलाही शिकवायचे. आजीच्या घराण्यातली एक बाई अशाच शाळेत शिवण शिकली, आणि ती सुई मायलेकींच्या हातांतून हिच्यापर्यंत आली. मी म्हटलं, त्याच वर्षांत आमच्या खानदेशातला कापूस मुंबईच्या बंदरातून इकडे येत होता. तुम्हीच सांगायचात ना, तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये लढाई संपताच तो कोसळला. इथले कामगार पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाला सरसकट "सुरत" म्हणत आणि त्याच्यावर वैतागत, कारण तंतू आखूड, सूत सारखं तुटायचं. तुटकं सूत सांधता सांधता त्यांची बोटं सोलवटायची. सांधणारी बोटं इथली आणि बोंडं वेचणारी बोटं आपल्याकडची, दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही. आजोबांची सगळी नोकरी प्रताप मिलच्या सूतखात्यात गेली. ते असते तर मी त्यांना फोनवर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली असती.

रोज उठल्यावर मी आधी जळगाव जिल्ह्याचे कोरोनाचे आकडे बघते, मग चहा ठेवते. अमळनेरचं नाव आलं की पोटात गोळा येतो. दादा आपली गल्ली सोडून बाकीच्या गल्ल्यांची नावं सांगतो. दादा, तसं करू नकोस. पत्रे कुठे ठोकले, कोणाला कुठे नेलं, ते मला खरं सांग. इतक्या लांब बसून मी जे मनात रंगवते ते खऱ्यापेक्षा नेहमीच वाईट असतं. नाना, तुम्हाला साखर आहे. सकाळी दूध आणायला दादाने जावं, तुम्ही नाही. यंदा सखाराम महाराजांच्या रथाला गर्दी नव्हती, तिथेही तुम्ही गेला नाहीत, मग दुधासाठी कशाला जाता? आई, तू गल्लीत मास्क शिवून देतेस याचा मला अभिमान आहे. ब्लाउजपीस संपले तर नानांचे जुने सदरे घे. कापड उजेडासमोर धरून बघ, आरपार दिसत असेल तर आणखी एक पदर दे. इलॅस्टिक इथेही मिळत नाही, मी कापडाच्या नाड्याच लावते.

बारशाचं बोलायचं राहिलं. नाव ठेवायचा मान माझा, पण मी तेव्हा येऊ शकणार नाही हे आता उघड आहे. मोबाइल पाळण्यात धरून मी कुर्र करावं, असं दादा म्हणतो. तसं नको. नानांच्या धाकट्या बहिणीने करावं, ती गल्लीतच आहे आणि तिचा हात बाळाच्या पाठीवर पडेल. मला त्याचं वाईट वाटणार नाही. मी मोबाइलवर बघेन, मला ते पुरे. नाव वहिनीच्या मनाप्रमाणे ठेवा. तिलाही या महिन्यांत माहेरी जाता आलं नाही, हे कोणी बोलत नाही, पण तिच्या आवाजात मला ते ऐकू येतं. तिला लुगडं कापायला जवळ बसव. वाकायचं काम देऊ नकोस, नुसते धागे ओढू दे.

मीही एक टोपडं करायला घेतलं आहे, तू दिलेल्या नारळी काठाच्या साडीचं. आताच्या मापाचं केलं तर पहिल्या विमानाने येईल तेव्हा ते बाळाला लहान होईल, म्हणून वर्षाच्या मापाचं करते आहे.

नानांना आणि तुला शिरसाष्टांग, दादा-वहिनींना नमस्कार, चिमीकडून सगळ्यांना पापे.

तुझी,
बेबी

ता. क. लुगडं कापायच्या आदल्या दिवशी ते उकळत्या पाण्यातून काढ, वांगी रंग सुटतो का ते बघ. सुटत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा धू, आणि मगच दुपटी घाल. नानांच्या गोळ्या किती उरल्यात ते उद्या फोनवर सांग.